आवाजाचा उंचवटा

मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या, बांगेआधी गल्लीत जी शांतता होते, त्या शांततेत हिफ्नीला त्याच्याच छपराने नावाने हाक मारली. तो कोपऱ्यावर जुम्रीच्या टपरीत बसला होता, हातात चहा, तोंडात केळ्याच्या भज्याचा गरम घास. साम्पित गावात छपराछपरावरून पाकोळ्यांना बोलावणारे कर्णे दिवसभर किलबिलत असतात, पण बांगेची वेळ जवळ आली की एकामागून एक बंद होतात. देवाच्या हाकेवर पाखरांची हाक चढू नये असा इथला रिवाज आहे. फक्त हिफ्नीचा कर्णा थोडा वेळ मागे रेंगाळत असे. त्याच्या जुन्या संगणकाचे घड्याळ मागे पडत चालले होते, आणि ‘हिफ्नीची पाखरं नमाजाला उशिराच पोचणार’ ही थट्टाही गल्लीत शिळी झाली होती. त्या दिवशीही तो एकटा कर्णा वाजत राहिला, आणि त्या किलबिलाटातून, घशात वाळू गेल्यासारख्या आवाजात, एक माणूस म्हणाला, “हिफ्नी, जपून रे. फळी कच्ची आहे. हात दे इकडे.” मग पुन्हा पाखरे. जुम्रीचा झारा तेलावर थांबला. बाकावरच्या दोघांनी ना एकमेकांकडे पाहिले ना छपराकडे. तो आवाज न ओळखणारा त्या टपरीत कुणीच नव्हता. आमांग बहरान, अख्ख्या गल्लीचे काका, यांना मातीत ठेवताना हे सगळेच हजर होते, आणि हिफ्नीने तर खांदा दिला होता. “आमांगच ना?” जुम्री हळूच म्हणाला, त्याला उत्तर नको होते. हिफ्नीने घास तसाच गिळला, घसा भाजून घेतला, आणि तो उठला.

तो धावला नाही. धावलेला माणूस गुन्हेगार दिसतो, हे त्याला त्या क्षणीही सुचले, आणि इतके बारीक सुचल्याबद्दल जिना चढता चढता त्याला स्वतःची किळस आली. खाली लग्नकार्यांचे चित्रीकरण करून देण्याचे त्याचे दुकान, मधे राहते घर आणि सर्वांत वर बिनखिडक्यांचा, ओलसर, काळोखा मजला, पाखरांसाठी बांधलेला आणि इतकी वर्षे जवळजवळ रिकामा राहिलेला. तो वर पोचेपर्यंत यंत्र आपोआप बंद झाले होते आणि बाहेर बांग सुरू झाली होती. काळोखात तो नुसता उभा राहिला. कुणीकुणी ऐकले असेल? जुम्रीने ऐकले. बाकावरच्यांनी ऐकले. आणि समोरच्या ओळीत, तिसऱ्या दारात, आमांगची बायको, गल्लीची काकू, आचिल सलासिया या वेळी वजू करायला, नमाजाआधी हातपाय धुवायला, मोरीवर येत असे. तिथून त्याचा कर्णा सरळ दिसत होता. दिसत होता म्हणजे ऐकूही येत होता. त्याने हा हिशेब दोनदा करून पाहिला, आणि दोन्ही वेळा तो तसाच सुटला.

या धंद्यात माणसे बायकोचे दागिने उसने देतील, पण आपला आवाज देणार नाहीत. पाकोळी लाळेचे घरटे बांधते, ते घरटे दूरदेशी सोन्याच्या तोलाने विकले जाते, आणि कुणाच्या घरात ती यायची हे ठरते छपरावरच्या आवाजावर. कुठल्या थव्याचा, कुठल्या कोपऱ्यातला, पिलांचा की जोडप्यांचा, हे जो तो पोटात ठेवतो. आमांग बहरानांच्या घरावर संध्याकाळी पाखरांचा धूर उतरायचा. हिफ्नी आपल्या गच्चीवरून तो धूर बघायचा, आणि त्याच्या कर्ण्याभोवती दोन-तीन पाखरे घिरट्या घालून, चुकून भलत्याच दारात आल्यासारखी, निघून जायची. लोकांनी नवी यंत्रे घेतली, त्याने घेतली नाही. पहिल्या वर्षी जी चार-दोन जोडपी आली ती या पिवळ्या पडलेल्या संगणकाच्या आवाजाला आली, आणि यंत्र बदलले की पाखरे रुसतात असे इथे सगळेच मानतात. तो संगणक ‘व्हॉक’ नावाच्या एकाच जुन्या जातीच्या ध्वनिफायली ओळखायचा. जगाने ती जात कधीच टाकून दिली होती. हिफ्नीच्या काळोख्या मजल्यावर मात्र ती अजून देवासारखी पुजली जात होती.

आणि मरणाआधी दोन-एक महिने, एके दिवशी आमांग आपणहून दुकानात आले होते. म्हणाले, मुलगा सुराबाया शहर सोडून काही येत नाही, मी म्हातारा झालो, तू आतलं सगळं चित्र काढून ठेव, घरटं कसं सोडवायचं, पिलं असली तर कसं सोडून द्यायचं, म्हणजे माझ्यामागे त्याला कुणी फसवायला नको. पाखरांच्या घरात परक्याला नेणे म्हणजे तिजोरी उघडून दाखवणे. आमांगच्या पाखरांच्या घरात तर त्यांच्याशिवाय कुणीच जात नसे, आचिलसुद्धा नाही. परका वास आला की पाखरे बावचळतात, एवढेच ते सांगत. हिफ्नीला नेताना त्यांनी आपला अंगातला जुना सदरा काढून त्याला दिला. “हा घाल, म्हणजे पाखरांना वाटेल मीच दोन झालो.” तो सदरा घामाचा, विष्ठेचा आणि म्हातारपणाचा वास मारत होता. नंतर हिफ्नीने तो सुगंधी साबणाने धुऊन, इस्त्री करून परत केला, तेव्हा आमांग पोट धरून हसले. धुतलेल्या सदऱ्याला आता पाखरे कशी ओळखणार? हे न कळणारा माणूस पाकोळ्यांचा धंदा करायला निघाला होता. तेव्हा हिफ्नीही हसला होता. आता त्या काळोखात उभे राहून त्याला आठवत होते ते वेगळेच. सदरा अंगात चढवताना त्याच्या मनात आधीच ठरलेले होते. कॅमेऱ्याच्या तांबड्या दिव्यावर त्याने घरूनच काळी चिकटपट्टी लावून आणली होती.

आमांग दाखवत गेले, तो चित्र घेत गेला. पाणी शिंपडून घरटे मऊ कसे करायचे, पात्याने कडेकडेने कसे उचलायचे, अंडे दिसले की हात मागे कसा घ्यायचा. मग सर्वांत दाट कोपऱ्यात, जिथे तुळयांवर पाखराला पाखरू चिकटून बसले होते, तिथे त्याने कॅमेरा एका फळीवर टेकवला आणि म्हणाला, “तापलाय आमांग, जरा थंड होऊ द्या.” कॅमेरा तापला नव्हता. चिकटपट्टीखाली तो दिवा पेटलेलाच होता. दोघे पलीकडे जाऊन बसले. आमांग मुलाबद्दल काहीबाही बोलत राहिले; काय बोलले ते हिफ्नीला कधीच आठवले नाही, कारण तो मनातल्या मनात कोपऱ्यातले पाखरू न् पाखरू गोळा करत होता. नंतर कॅमेरा आणायला तो फळीवर चढला. तेव्हाच ते दोन-तीन वाक्यांचे बोलणे झाले असणार. जपून, फळी, हात. झाले असणार असेच म्हणायचे. त्याला ते ऐकल्याचेही आठवत नव्हते.

त्यानंतर फायली कॅमेऱ्यातच पडून राहिल्या. आमांग अधूनमधून विचारत, आणि हिफ्नी म्हणे, करतो, लग्नसराई आहे. खरे म्हणजे त्याला धीर होत नव्हता. तो आवाज छपरावर लावला तर आमांग आपली पाखरे ओळखतील. आई आपले मूल रडण्यावरून ओळखते तसे इथले लोक आपला कोपरा ओळखतात. मग रोज्यांच्या महिन्यात आमांग एका दुपारी आडवे झाले ते उठले नाहीत. मरणानंतरच्या चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला हिफ्नी ताट घेऊन बसला असताना आचिल सलासियाने, गर्दीत, हलकेच विचारले होते, “आतली चित्रं आली का रे?” आणि भाताचा घास हातात धरून तो म्हणाला होता, “अंधार फार होता आचिल. काहीच आलं नाही.” ती बरं म्हणाली आणि त्याला आणखी मासा वाढायला सांगून पुढे गेली. मेलेला माणूस आपली वस्तू ओळखायला येत नाही, हा विचार त्याला त्याच पंगतीत आला. एवढा नीच विचार इतक्या शांतपणे येऊ शकतो हे त्याला नवे होते.

मग एका दुपारी, नुरसिदा, त्याची बायको, बाजारात गेली असताना तो बसला. कॅमेऱ्यातल्या फायली त्या जुन्या यंत्राला कळत नाहीत. आधी चित्र काढून टाकायचे, उरलेला आवाज घ्यायचा, तो घासून घासून लहान करायचा, आणि मग त्या जुन्या जातीत उतरवायचा. पहिल्याच फायलीत आमांगचा चेहरा आला. तोंड जवळ आणून ते कॅमेऱ्याच्या भिंगात बघत होते, हे चालू झालं का, असे काहीतरी. हिफ्नीने ताबडतोब चित्राची चौकट मिटवली. नुरसिदा मधेच आली तर, म्हणून ध्वनिवर्धकही लावला नाही. आवाज ऐकायचा नाही आणि चित्र बघायचे नाही, अशा तऱ्हेने त्याने ते काम केले. पडद्यावर आवाजाची नुसती रेघ दिसत होती, खालीवर थरथरणारी. जुन्या यंत्रात मावेल एवढाच तुकडा घ्यायचा होता, तेव्हा त्याने डोळ्यांनी शोधला. सगळ्या रेघेत जिथे सर्वांत मोठा उंचवटा होता, तिथे थवा सर्वांत दाट बोलत असणार असे त्याला वाटले. पाखरांचा गिल्ला उंच दिसतो, पण कॅमेऱ्याजवळ बोललेला माणूस त्याहून उंच दिसतो, हे त्या घटकेला त्याच्या डोक्यात आले नाही. बरोबर तेवढाच उंचवटा त्याने कापून घेतला. मग कार्डावरच्या फायली त्याने पुसून टाकल्या. दुसऱ्या दिवशी लग्न होते आणि कार्ड लागणार होते, असे तो स्वतःला म्हणाला. टेबलाच्या खणात दुसरे कोरे कार्ड पडलेले होते. ते त्याला माहीत होते.

आणि पाखरे आली. हीच तर खोच होती. तो आवाज लागल्यापासून घिरट्या वाढल्या, मग एके संध्याकाळी सहा-सात पाखरे आत शिरली आणि बाहेर आलीच नाहीत, आणि सकाळी जमिनीवर ताज्या विष्ठेचे ठिपके दिसले. ते ठिपके बघून त्याने खाली येऊन नुरसिदाला मिठी मारली होती. दिवसभर सगळ्या गल्लीच्या कलकलाटात त्याच्या कर्ण्यातले ते वाक्य पुन्हा पुन्हा वाजत असणार, कुणाला ऐकू न येता. माणसांच्या आवाजासाठी ते कर्णे बनवलेलेच नसतात. त्या बांगेआधीच्या उघड्यावाघड्या शांततेतच ते सापडले, आणि ती शांतता तेवढी त्याच्या मागे पडलेल्या घड्याळाने त्याच्यासाठी राखून ठेवली होती.

त्या संध्याकाळी तो खाली आला तेव्हा नुरसिदा भात वाढत होती. तिने वर बघितले नाही. तिनेही ऐकले होते. म्हणाली, मागच्या चार-सहा दिवसांपासून ऐकते आहे, मला आधी वाटलं माझ्याच कानाचा दोष. “आचिल रोज दारात येऊन उभ्या राहतात,” ती म्हणाली. “वजूचं पाणी हातात तसंच असतं.” हिफ्नीने विचारले, तू मला सांगितलं का नाहीस. तिने वाटीत आमटी ओतली, मग ती पुन्हा पातेल्यात ओतली. “मला वाटलं तुम्ही मुद्दाम लावलंय. त्यांच्या आठवणीसाठी. म्हटलं, माझा नवरा असा कधीपासून झाला.” ती हे टोमणा म्हणून बोलली नव्हती, आणि म्हणूनच त्याला जेवता आले नाही. त्याने खरे सांगितले असते तर ती ओरडली असती, आणि ओरडणे सोपे होते. तो भाताकडे बघत राहिला आणि काही बोलला नाही, म्हणजे त्या आठवणीच्या पुण्याचा मालक तो गप्प राहूनच झाला.

दुसऱ्या दिवशी गल्लीने त्याला छळले नाही, आणि हेच छळणे होते. लोक नेहमीपेक्षा मऊ बोलत होते. जुम्रीने चहाचे पैसे घेतले नाहीत आणि म्हणाला, आमांगचा एवढा जीव होता तुझ्यावर. मशिदीजवळ एका म्हाताऱ्याने त्याचा दंड दाबला. त्या सगळ्यांना पुढचा अर्थ लागायचा होता, तो लागायला एक प्रश्न पुरेसा होता: चित्र आलं नव्हतं तर आवाज कुठून आला? चाळिसाव्याला त्याचे उत्तर आचिलशिवाय आणखी कुणी ऐकले होते, हे तो आठवून आठवून दमला. झाकली मूठ म्हणतात, पण इथे मूठ रोज संध्याकाळी भर गल्लीत आपोआप उघडत होती. म्हणून त्या संध्याकाळी त्याने वर जाऊन यंत्र आधीच बंद केले. शांतता आली, ती साफ, कुणाच्याही आवाजावाचूनची. गच्चीच्या कठड्याआडून त्याने पाहिले. आचिल सलासिया दारात खुर्ची टाकून बसली होती. वजू झालेली होती, नमाजाचे पांढरे वस्त्र अंगावर होते, तोंड त्याच्या कर्ण्याकडे होते. बांग झाली, संपली. ती तशीच बसून राहिली, मग उठून आत गेली, आणि खुर्ची बाहेरच राहिली. हिफ्नी कठड्याखाली उकिडवा बसला होता, पोराटोरांच्या लपंडावात बसतात तसा, चाळिशी ओलांडलेला माणूस.

पुढच्या दिवशी त्याने यंत्र चालू ठेवले. का, हे त्याला नीट सांगता आले नसते. त्यात पाखरांचा लोभ होता हे नाकारण्यात अर्थ नव्हता. तो दुकानाच्या पायरीशी उभा होता, ऊन उतरले होते, आणि आचिल सलासिया रस्ता ओलांडून आली. हातात झाकलेली बशी होती. आत गोड भात असावा. ती पायरीवर बसली, बशी बाजूला ठेवली, आणि काल का लावलं नाहीस, असे न विचारता एकदम म्हणाली, “ह्यांना ठाऊक होतं बरं का.”



“त्या दिवशी घरी आले ते हसतच. म्हणाले, पोरगं ताकाला आलंय आणि भांडं लपवतंय. कॅमेरा तापलाय म्हणतंय. मी पण म्हटलं, होऊ दे थंड. त्या कोपऱ्यात जास्त बोलतात पाखरं. म्हणून मग मुद्दाम लांब जाऊन बसले, आणि तुला बोलण्यात गुंतवून ठेवला.” ती हसली. “दोन महिने वाट बघत होते, हा कधी लावतो म्हणून. रोज विचारायचे मला, हिफ्नीच्या छपरावरून आपली पाखरं बोलली का गं.”

तो उभाच होता. चोरी पकडली गेली असती तर तोंड लपवायला कुठेतरी जागा सापडली असती. दिलेलेच त्याने चोरले होते, आणि दोन महिने एक म्हातारा संध्याकाळी कान देऊन त्या चोरीची वाट बघत मरून गेला होता. मागितले असते तर त्याने हसून दिले असते. मागण्याएवढेही हिफ्नीने त्याला मोठे मानले नव्हते. त्याला रडू आले असते तर बरे झाले असते, पण डोळे कोरडे राहिले आणि कान तेवढे तापले.

“आवाज एवढा छान आला,” आचिल म्हणाली. तिने वस्त्राची कड गुडघ्यावर सारखी केली. “मग थोडंसं तरी चित्र आलं असेल ना? धूसर असलं तरी चालेल रे. मी कधी आत गेले नाही. संसार सगळा त्या पाखरांवर झाला आणि हे तिथं कसे दिसतात ते मला माहीत नाही.”

आता पुन्हा अंधार म्हणता आले असते. शब्द अगदी जिभेवर होता, एकदा वापरलेला, मळलेला, तयार. पलीकडच्या छपरावरचा कर्णा तेवढ्यात बंद झाला, आणि त्याला कळले की वेळ फार उरलेला नाही.

“चित्र आलं होतं, आचिल,” तो म्हणाला. “चांगलं आलं होतं. मी पुसून टाकलं.”

का, असे तिने विचारले नाही. ते तिच्या चेहऱ्यावर आले आणि तिथेच थांबले. आणखी एक कर्णा बंद झाला. मग ती म्हणाली, “सगळं?”

“सगळं.”

तिने मान हलवली, लहान मुलाने उत्तर बरोबर दिल्यावर हलवतात तशी. मग थोडी पुढे सरकून, आवाज खाली आणून, जणू शेजारच्या कुणाला ऐकू जाऊ नये, तिने विचारले, “बरं, मग तू सांग. तू होतास ना तिथं. हात दे म्हणाले, तुझा हात धरला, तेव्हा कसे दिसत होते? हसत होते का?”

हसत होते, असे म्हणणे पुण्याचे झाले असते. आमांग नेहमी हसतच असत, म्हणजे ते खोटेही ठरले नसते. हिफ्नीने आठवून पाहिले, मनापासून, डोळे मिटून. त्याला फळी आठवली, तुळईवरची पाखरे आठवली, आपल्या हातात आलेला एक खरबरीत, ओला पंजा आठवला. पंजाच्या वर माणूस आठवेना. पंजाच्या वर चिकटपट्टी होती.

“मी बघत नव्हतो,” तो म्हणाला. “मी कॅमेऱ्याच्या दिव्याकडे बघत होतो. पट्टी सुटली तर नाही ना, एवढंच. त्यांच्याकडे मी पाहिलंच नाही, आचिल.”

गल्लीतले शेवटचे कर्णे बंद झाले. वर त्याचा एकटा किलबिलत राहिला. जुम्री टपरीतून बघत होता, आणखीही कोण कोण बघत असेल. आचिल सलासियाने गोड भाताची बशी उचलून दुसऱ्या बाजूला ठेवली, आणि मोकळ्या झालेल्या जागेवर हाताचा पंजा टेकवला.

“मग बस इथं,” ती म्हणाली. “आता नीट ऐक तरी.”

हिफ्नी सगळ्यांदेखत तिच्याशेजारी पायरीवर बसला.